जुलैत वाळवंटात कुणी जात नाही

लोकांनी कुठे कधी जावं हे सांगण्यावर माझं पोट चालतं. साकीनाक्याच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर आमचं सहलींचं ऑफिस आहे. तिथे मी अकरा वर्षं सहलींचे कार्यक्रम आखते आणि वेबसाइटवरचा मजकूर लिहिते. प्रत्येक देशाच्या पानावर एक चौकट असते, 'जाण्यासाठी उत्तम काळ'. ती चौकट लोक सगळ्यात आधी वाचतात. ओमानच्या पानावरची चौकट मीच लिहिलेली आहे: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्याखालची ओळही माझीच: 'जून ते ऑगस्ट या काळात प्रवास टाळावा.' ती ओळ आजही तिथे आहे. मी ती काढलेली नाही, कारण ती खोटी नाही. खोटं मी दुसरीकडे बोलले.

आम्ही वेसाव्याचे कोळी. मेट्रोचं शेवटचं स्टेशन वर्सोव्याच्या नावाचं असलं तरी तिथे उतरून आमच्या गावात यायला पुन्हा रिक्षा करावी लागते आणि रिक्षावाला 'अंदर नहीं जाएगा' म्हणतो, ते गाव. मी दहावीत असताना बाबा काविळीने गेले. होडी काकांची. आय म्हणजे माझी आई, ती अंधेरीच्या बाजारात मासळी विकते. शेडच्या आतल्या जागा जुन्या घराण्यांच्या, आयची जागा शेडबाहेर, कोपऱ्यावर. डोक्यावर छप्पर नाही. जागेचं एक असतं, तुम्ही आठ दिवस बसला नाहीत तर तिथे दुसरी कुणी बसते, आणि मग तुमचं गिऱ्हाईक तिला 'मावशी' म्हणायला लागतं. त्यामुळे आय तापात बसली, पाय सुजले असताना बसली, बाबा गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बसली.

आमच्या घरात वर्ष जानेवारीपासून सुरू होत नाही. नारळी पौर्णिमेला सुरू होतं आणि मे संपला की संपतं. जून-जुलै दर्या बंद. मोतीबिंदू काढायचं, बहिणीकडे राहायला जायचं, गुडघा दाखवायचा, भांडण मिटवायचं, सगळं त्या दोन महिन्यांत. लग्नाच्या आमंत्रणावर डिसेंबरची तारीख दिसली की आय म्हणायची, 'बामनाचं दिसतंय.'

माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला दादूस म्हणतो, होडीवर फारसा रमला नाही. त्याला इंजिन आवडायचं. इंजिनाला कान लावून कुठे काय बिघडलंय ते सांगायचा. गावातल्या एकाच्या ओळखीने तो ओमानला गेला, किनाऱ्यावरच्या एका गावात, बोटी दुरुस्त करायच्या कारखान्यात. दर दोन वर्षांनी नारळी पौर्णिमेच्या आसपास महिनाभर यायचा. बाकी वेळ आम्हाला त्याचे आवाजी निरोप यायचे, आणि त्यातला निम्मा भाग हवेचा असायचा. आज वारा आहे. आज वारा नाही. आज लोखंडाला हात लावला की चटका बसतो. आज पाणी प्यायलो तर नळातून चहाच आला. असं हसत हसत सांगायचा. मी त्याचं गाव माझ्या फोनच्या हवामानात टाकून ठेवलं होतं. सकाळी डोळे उघडले की आधी त्याच्याकडचं तापमान बघायचं, मग आपल्याकडचं, ही सवय लागली.

दर वर्षी तो बोलवायचा. 'डिसेंबरला या गो. हितं डिसेंबरला स्वेटर लागतो. डोंगर दाखवतो, वाळू दाखवतो.'

आय फोनजवळ तोंड नेऊन ओरडायची, 'डिसेंबरला? आन बोंबील कोन सुकवल? तितला सुलतान येल सुकवाला?'

तो हसायचा. मग आय म्हणायची, शिमग्यानंतर बघू. शिमग्यानंतर तो म्हणायचा, आता नको, आता तापायला लागलं. सात वर्षं हेच चाललं. आम्ही मोकळ्या असायचो तेव्हा तो देश भट्टी झालेला असायचा, आणि तो देश गार व्हायचा तेव्हा आमच्या बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकत लटकलेले असायचे. सात वर्षांत आम्हाला एकही आठवडा असा सापडला नाही जो दोघांनाही सोयीचा होता. मला तर लाज वाटायला हवी होती. मी लोकांना दोन दिवसांत दुबई-इजिप्त जुळवून देते.

आणि मग एका मे महिन्यात आयनेच विषय काढला. वाटणाचं खोबरं भाजता भाजता म्हणाली, 'औंदा जूनला जाव. उन्हाला त उन्हाला. मी काय लोन्याची हाय?'

पासपोर्ट मी तिचा आदल्या वर्षीच काढून ठेवला होता. फोटोत ती चिडलेली दिसते, कारण फोटोवाल्याने तिला नथ काढायला सांगितली होती. मी दादूसला कळवलं. त्याचा निरोप दहा मिनिटांत आला. तो निरोप मला पाठ आहे. मागे कुठेतरी हातोडा वाजतोय, आणि तो म्हणतोय:

'पाठव गो बाय, आयला पाठव. जूनलाच पाठव. उन्हाचा मी बघतो. खोली हाय, एसी हाय, दुपारची झोपल. सांजच्याला मी तिना दर्यावर नेन. तिना सांग, हितला दर्या पन बघ एकदा.'

मला राग आला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण रागच आला. एक तर मला जूनमध्ये रजा मिळणार नव्हती, आमच्या ऑफिसात तो युरोपचा मोसम. म्हणजे आयला एकटीला विमानात बसवायचं. दुसरं, या विषयात शिकलेली मी, रोज बाहेरच्यांना सल्ला देणारी मी, आणि माझ्याच घरातली दोन माणसं मला न विचारता जून ठरवून मोकळी. आणि तिसरं कारण, जे मी बरीच वर्षं स्वतःलासुद्धा सांगितलं नाही. मला डिसेंबर हवा होता. मी ते फोटो रोज लावत होते, वाळूच्या टेकड्या, तंबू, शेकोटी, चांदणं. मला तिथे जायचं होतं, शाल पांघरून बसायचं होतं, दादूसकडून माझा फोटो काढून घ्यायचा होता. एका डिसेंबरला काकूला बोंबलांवर बसवू, आयच्या जागेवर मावसबहिणीला बसवू, आणि तिघं मिळून नीट जाऊ, असं मी मनात ठरवून टाकलं.

आता आयला 'मला नाही पटत' म्हटलं असतं तर ती गेलीच असती. दादूसला 'उन्हात कसली बोलावतोस' म्हटलं असतं तर त्याने माझं ऐकलं नसतं. म्हणून मी आयला सांगितलं, 'दादूस म्हणतो आत्ता नको येऊ. त्याला कामाचा जोर आहे, तुझ्याकडे बघायला वेळ नाही.' आणि दादूसला सांगितलं, 'आय नको म्हणते. तिचं मन बदललं. सुकी मासळी विकायची राहिली आहे म्हणते.'

इतकंच. दोन वाक्यं. दोन्ही मी मेट्रोमधून उतरताना आणि जिना चढताना बोलले असेन, इतकी ती मला हलकी वाटली होती.

कुणी म्हणेल, त्यांनी एकमेकांना विचारलं कसं नाही? रोज फोन होत होते. पण आमच्या घरात एक रीत आहे. आय बाजारात गिऱ्हाइकाला दहा वेळा हाक मारेल, पाठमोऱ्या माणसाला परत बोलावून पापलेट त्याच्या गळ्यात मारेल. घरात मात्र एकदा कुणी नको म्हटलं की पुन्हा विचारायचं नाही. जेवायला वाढतानासुद्धा नाही. नको म्हटलं ना, संपलं. आपल्या माणसाला दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे त्याच्या दारात हात पसरणं, असं ती मानते, आणि दादूसही तिचाच मुलगा. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणून तर मी ते खोटं इतक्या बिनधास्त बोलले.

जून लागला. दोघं फोनवर बोलायची आणि मी ऐकायची. 'जेवलास?' 'जेवलो.' 'काय?' 'डाल.' 'पाऊस हाय?' 'हितं कसला पाऊस?' आधी हसून दोन-चार टोमणे मारायची ती दोघं आता प्रश्नाला उत्तर देऊन गप्प व्हायची. फोन ठेवला की आय म्हणायची, 'थकलेला वाटतो.' एकदा मात्र शेजारणीला म्हणाली, 'पोरगा मोठा झाला की आय अरचनच होते त्याना.' मी आत तांदूळ निवडत होते. मला वाटलं, डिसेंबरला सगळं भरून निघेल.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी, मी एका कुटुंबाला टर्कीतली हॉटेलं समजावत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. रत्नागिरीकडचा, दादूसच्या खोलीत राहणारा त्याचा जोडीदार बोलत होता. तो मला दोनदा म्हणाला, 'ताई, बसून घ्या.' मी बसलेलीच होते.

पेटी यायला नऊ दिवस लागले. कागदावर उष्माघात लिहिलं होतं. आमच्या गावात समुद्रावर गेलेला माणूस परत आला नाही तर बायका कसं रडतात ते मी लहानपणापासून ऐकलंय. पण उन्हाने माणूस गेला, हे कुणाला कळेचना. एक म्हातारी येऊन आयला विचारून गेली, 'म्हंजे, बुडाला नाय?'

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण त्यानंतर मला एकटं असं राहता आलं नाही. ऑफिसात दुपारी जेवणानंतर सगळे शांत झाले की माझ्या खुर्चीमागे कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. तो काही करायचा नाही. फक्त निरोपाचं उत्तर मागायला आल्यासारखा थांबलेला असायचा. मी मागे वळून बघायची नाही. वळले आणि कुणी नसेल, हीच जास्त भीती होती. ऑगस्टमध्ये होड्या निघाल्या, आणि पहाटेची इंजिनं सुरू झाली की मी उठून बसायची, कारण एकाचा आवाज बिघडलेला असायचा आणि दादूस अंथरुणातूनच सांगेल काय झालंय ते, असं वाटायचं. आमच्या घरात आयने पंखा लावणं बंद केलं. मी लावला की ती काही न बोलता उठून बंद करायची. पावसाळ्यातल्या त्या चिकट दुपारी घामाने निथळत आम्ही दोघी बसायचो. मी तिला का म्हणून विचारलं नाही.

फोन मी दोनदा बदलला. दोन्ही वेळा तो निरोप नव्या फोनमध्ये आला. तो पुसायची हिंमत नव्हती आणि ऐकायचीही. आणि सकाळी डोळे उघडले की बोट आधी तिथेच जायचं, त्याच्या गावाकडे. चव्वेचाळीस. शेहेचाळीस. मी कुणासाठी बघत होते?

त्यात सगळ्यात वाईट काय होतं सांगू? आय मला काहीच म्हणत नव्हती, कारण तिला काहीच माहीत नव्हतं. ती त्याच्यावर रुसलेली होती. मेलेल्या मुलावर रुसली होती आणि ते तिला सोडवेना. दिवस करताना, वर्षश्राद्धाला, लोक त्याच्या आठवणी काढायचे तेव्हा ती मध्येच म्हणायची, 'मना नको म्हनला तो. यवाला पायजे होती मी. नको म्हनला.' प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता सांगते. प्रत्येक वेळी मी चहा टाकायला आत गेले. खरं सांगितलं असतं तर तिला मुलगा परत मिळाला असता आणि मुलगी गेली असती, असा माझा हिशेब होता. मी मुलीला वाचवत होते, दुसरं काय.

दोन वर्षं गेली. पुन्हा दर्या बंद झाला, आणि आय म्हणाली, 'मना ओमानला जावाचा हाय. जुलैला.'

मी माझं सगळं ज्ञान पाजळलं. म्हटलं, आय, जुलैत वाळवंटात कुणी जात नाही. डिसेंबरला जाऊ, आता कसली बोंबलांची काळजी करतेस.

'डिसेंबर तुज्या गिऱ्हाइकांना दे,' ती म्हणाली. 'मना त्याचा उन्हाला बघाचा हाय.'

ऑफिसात मी रजा मागितली तेव्हा साहेबांनी खूप आपुलकीने सुचवलं की ओमानलाच जायचं असेल तर जुलैत सलालाला जा. दक्षिणेकडचा तो भाग, तिथे याच दिवसांत पाऊस येतो, डोंगर हिरवे होतात, अरब लोक लांबून पाऊस बघायला येतात. पॅकेज आपलंच आहे. मी घरी येऊन आयला सांगितलं. ती बाहेर बघत होती. गटार तुंबून पाणी आमच्या पायरीला लागलं होतं.

'पाऊस बघाला तिकरं जाव?' ती म्हणाली आणि हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा हसली, आणि मीही हसले, आणि तिकिटं काढली.

विमानतळाचं दार उघडलं आणि आयने माझा दंड धरला. संध्याकाळ झाली होती, तरी हवा तोंडावर आली ती तव्यावरची. तिने श्वास ओढला, सोडला, पुन्हा ओढला. चव घेत असल्यासारखी. म्हणाली, 'हां.' एवढंच.

दादूसचा तो जोडीदार गाडी घेऊन आला होता. चाळिशीचा, शांत माणूस. आयला मावशी म्हणत होता, तिची पिशवी तिने दिली नाही तरी धरून चालत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवतो म्हणाला, सकाळी जरा बरं असतं. आय म्हणाली, नाही, दुपारी. ज्या वेळी झालं त्या वेळी. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

कारखान्याच्या आत जाता येत नव्हतं. रस्त्याच्या कडेला लांब पांढरी भिंत, भिंतीपलीकडे एका बोटीचं नाकाड आणि निळ्या पत्र्याची शेड. रस्त्यावर एक माणूस नव्हता, कुत्रं नव्हतं. आय गाडीतून उतरली आणि भिंतीलगत जमिनीवर बसली, बाजारात बसते तशी, एक गुडघा वर करून. जोडीदाराने छत्री धरली. तिने हाताने ती बाजूला सारली.

'कुटं?' तिने विचारलं.

'ती निळी शेड, मावशी. तिथे एक बोट वर काढली होती. दुपारी उन्हात काम बंदच असतं या महिन्यांत. पण इंजिनाचं काम आत, सावलीत. सावलीत म्हणून कुणी अडवत नाही. आत हवाच नव्हती हो.' त्याने छत्री मिटली. 'बाहेर काढला तेव्हा बोलत होता थोडा.'

'पानी कोनी दिला त्याच्या तोंडान?'

'मी दिलं.'

आयने त्याचा हात धरला आणि त्याच्या तळव्यावरून आपला अंगठा फिरवला, बराच वेळ. मग म्हणाली, 'मी यनार होती. तो नको म्हनला. ह्यो उन्हाला माज्यापासून लपवत होता आसल. आज बघितला मी.'

जोडीदार गोंधळला. 'नको कसा म्हणेल, मावशी? त्या मे महिन्यात मी माझं सामान दुसऱ्या खोलीत नेलं होतं, आय येणार म्हणून. नवीन चादर आणली त्यानं. मग म्हणाला, आय नाही येत, तिला मासळीचं काम आहे. चार दिवस नीट जेवला नाही.'

आयने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

त्या माणसाने तोंड उघडलं नसतं तर मी स्वतःहून सांगितलं असतं का? मला ठाऊक नाही. मी असं समजून चालते की नसतं सांगितलं. पण तेव्हा मी सांगितलं. त्या भिंतीजवळ, गुडघे टेकून, गुडघ्याला चटका बसत होता, मी दोन्ही वाक्यं जशीच्या तशी सांगितली. तिला काय म्हटलं होतं ते आणि त्याला काय म्हटलं होतं ते. मला डिसेंबर हवा होता हेही सांगितलं. मग फोन काढला. फोन इतका तापला होता की पडद्यावर बोट लागेना. शेवटी गाडीत बसून, काच वर करून, मी तो निरोप लावला.

'पाठव गो बाय, आयला पाठव...'

ती ऐकत होती. संपला तशी म्हणाली, 'परत लाव.' मी लावला. 'परत.' पाचव्यांदा तिने फोन माझ्या हातातून घेतला, छातीशी धरला आणि त्या जोडीदाराला म्हणाली, 'आयकलास? त्यानी मना बोलावला होता. जूनलाच पाठव म्हनतो. उन्हाचा मी बघतो म्हनतो.' डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मला वाटलं होतं ती मला मारेल. मारायला हवं होतं. तिला माझ्याकडे बघायलासुद्धा सवड नव्हती.

संध्याकाळी तिला दर्यावर जायचं होतं. गुडघाभर पाण्यात उभी राहून तिने पाणी ओंजळीत घेतलं, म्हणाली, ऊन हाय. किनाऱ्यावर जाळी टाकून बसलेल्या दोन ओमानी म्हाताऱ्यांची मासळी उचकून बघितली, डोळा दाबून बघितला, कल्ला उघडून बघितला, आणि जोडीदाराला सांगितलं की सुरमई चांगली आहे पण कालची आहे. उरलेले दिवस ती त्याच्याशीच बोलली. दादूस काय खायचा, कुठे झोपायचा, कुणाशी भांडायचा. माझ्याशी बोलली ती 'पानी दे' आणि 'चल' एवढंच. रागाने नव्हे. मी तिला दिसतच नव्हते. परतीच्या विमानात ती खिडकीला डोकं टेकून झोपली आणि मी तिच्या शेजारी बसून विचार करत राहिले, की आता घरी जाऊन ही मला कधी विचारेल. पुन्हा कधी न विचारण्याची रीत आमच्याच घरातली, हे मला आठवत होतं.

घरी आल्यावर तिने पंखा लावला. जेवली. झोपली. विषय नाही.

ऑगस्टात नारळ सोडला, होड्या निघाल्या, आणि पहिल्या मोठ्या मासळीच्या दिवशी मी रजा टाकून तिच्याबरोबर बाजारात गेले, बर्फाची पाटी घेऊन. दहा वाजताच ऊन कडकडीत पडलं होतं. तिच्या कोपऱ्यावर आजूबाजूच्या चार-पाच जणी जमल्या. सगळ्यांना ओमान ऐकायचं होतं. आय पापलेट साफ करता करता सांगत होती, विमान, गरमी, दर्या. मग सुरी थांबवून म्हणाली, 'माज्या पोरानी मना बोलावला होता. त्याच वर्षी. जूनला. खोली खाली करून ठेवली होती, नवी चादर आनली होती. तो नको म्हनला, आसा मी बोलत होती ना? खोटा होता. बोलावला होता त्यानी.'

'अगो बाय,' एकजण म्हणाली. 'मग तवाच का नाय गेलीस?'

माझ्या हातात बर्फ होता. तो सोडावा हेही सुचलं नाही. आता ती बोट दाखवेल, आणि दाखवावंच, असं मला वाटलं. त्या बायकांनी मला लहानपणी कडेवर घेतलंय. त्यांच्यासमोर एकदा होऊन जाऊ दे, मग सुटले.

आयने पापलेट उलटं केलं, पंख कापला आणि म्हणाली, 'मनाच भीती वाटली उन्हाची.'

चाळीस वर्षं त्या बायका तिच्या शेजारी बसल्या आहेत. एप्रिल-मेच्या दुपारी, बिनछपराच्या कोपऱ्यावर, डोक्यावर ओला फडका टाकून. हिला उन्हाची भीती असती तर आम्ही दोघं भावंडं कधीच उपाशी मेलो असतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. एकीने माझ्याकडे बघितलं, मग घाईने दुसरीकडे बघितलं, आणि ओरडून गिऱ्हाइकाला हाक मारली.